लेकुरवाळ्यांची खोली

मिरच्या वाळवायला चर्चमधली ती खोली फार सोयीची होती. जमीन खालून तापवता यायची, समुद्राचा दमट वारा आत येत नसे, मांजरांचा उपद्रव नव्हता. एका बाजूला भिंतीऐवजी मोठी काच होती आणि काचेपलीकडे प्रार्थनेचं दालन. खोली बांधली होती ती तान्ह्या पोरांच्या आयांसाठी. पोर रडायला लागलं की आईने त्याला घेऊन तिथे बसायचं, काचेतून पाळकांकडे बघायचं आणि कोपऱ्यातल्या स्पीकरवर उपदेश ऐकायचा, म्हणजे बाकीच्यांच्या भक्तीत व्यत्यय नको. सगळे तिला लेकुरवाळ्यांची खोली म्हणत. पण कोरियातल्या मोक्पो शहरात, चढावरच्या त्या मंडळीत रडणारं पोर राहिलं नव्हतं. होते ते सगळे गुडघे धरून उठणारे. मग त्या खोलीत आधी लसणाच्या माळा आल्या, नंतर किमचीचा, म्हणजे खारवलेल्या कोबीच्या लोणच्याचा, फ्रीज आला, आणि दर शरदात जुन्या चादरींवर पसरलेल्या मिरच्या. खोलीचं नाव मात्र तेच राहिलं.

खोलीचा हा सगळा कारभार गुम्जाचा. रविवारी उपासना झाली की मंडळी तळघरात एकत्र जेवायची आणि ते जेवण गुम्जा रांधायची. लोक तिला स्वयंपाकघराची मालकीण म्हणायचे. मालकीण एवढ्याचसाठी, की दुसरं कुणी तिथे फिरकत नसे.

ती मूळची बेटावरची. लग्न होऊन शहरात आली तेव्हा नवरा मासेमारीच्या बोटीवर आणि ही दोन पोरांना घेऊन भाड्याच्या एका खोलीत. शेजारीण दाराबाहेर चपला पाहून आत कोण आहे ते ओळखायची, पण बोलायची नाही. गुम्जा चर्चला पहिल्यांदा गेली ती ऊब मिळते म्हणून. काचेआडच्या खोलीत पोरांना घेऊन बसायची, स्पीकरवरचं अर्धंमुर्धं ऐकायची. तिसऱ्या रविवारी तेव्हाची स्वयंपाकघर सांभाळणारी म्हातारी आली, तिने गुम्जाला खांद्याला धरून वळवलं, मागून एप्रनची गाठ मारली आणि म्हणाली, "आता तू आमची. कांदे चिर." गुम्जाच्या डोळ्यांतून पाणी आलं ते कांद्याच्या नावावर खपून गेलं. सबंध शहरात तिला कुणीतरी आपलं म्हटलं होतं.

ती गाठ पुढे सुटलीच नाही. नवरा गेला, मुलगा बुसानला गेला, मुलगी लग्न होऊन देजॉनला. गुम्जाला मंडळीने 'क्वन्सा' केलं. बायकांना मिळणारा तो सगळ्यात मोठा मान. मान मिळाला त्या रविवारीही जेवण तिनेच रांधलं होतं, गळ्यातला फुलांचा हार काढून. आधी हाताखाली पाचसहा जणी असायच्या, मग तिघी उरल्या, त्यातल्या एकीला विसरायला व्हायला लागलं आणि ती सारात दोनदा मीठ घालायची. पाळक बदलत गेले. गुम्जाला त्या सगळ्यांच्या उपदेशांची सुरुवात तेवढी ठाऊक होती. पाळक "आता शेवटचा मुद्दा" म्हणाले की ती उठायची, कारण सार उकळायला तेवढाच वेळ लागायचा. शेवटच्या मुद्द्यात काय असतं, ते तिला इतक्या वर्षांत कधी कळलं नाही.

आणि आता गुडघे. डॉक्टरांनी दोन्ही बदलायला सांगितले होते. मुलगी, यॉन्हा, फोनवर भांडायची. डॉक्टर तारीख देतात आणि तू ती ढकलतेस, म्हणायची. गुम्जा म्हणायची, हिवाळ्याची किमची घालून होऊ दे.

"मागच्या खेपेला नाताळ होऊ दे म्हणालीस. त्याआधी ईस्टर. आई, येशू एकदाच मेला गं, तू दर रविवारी कशाला मरतेस?"

गुम्जाने तिला असलं काही बोलू नये म्हणून दटावलं आणि फोन ठेवल्यावर एकटीच हसली. पण खरं कारण किमचीही नव्हतं आणि नाताळही नव्हतं. पळी कुणाच्या हातात द्यायची, हा प्रश्न होता. एखादी तरुण बाई मंडळीत रुजली की मी सुटले, असा हिशोब तिने मनाशी धरला होता, आणि चर्चच्या दारात कुठलंही नवं कुटुंब दिसलं की तिची नजर आधी त्या बाईच्या हातांवर जायची.

असं एक कुटुंब मागे आलं होतं. मून आडनाव, नवराबायको आणि जुळी मुलं. त्यांचं स्वागत सगळ्या रीतीने झालं. पुढे बोलावून नावं विचारली, मंडळीने हात पसरून आशीर्वादाचं गीत म्हटलं, पाळकांचं नाव छापलेल्या टॉवेलांचा जोड दिला, फोटो फळ्यावर लावला. पुढच्याच आठवड्यात पाळक आणि सातआठ जणं त्यांच्या घरी प्रार्थनेला जाऊन आले, आणि मूनच्या बायकोने सगळ्यांसाठी फळं कापली. तिसऱ्या रविवारी एप्रन. दोनेक महिन्यांत ते यायचे बंद झाले. पार्किंग आणि कॉफीचं दुकान असलेल्या मोठ्या चर्चने त्यांना ओढून नेलं, असं सगळे म्हणाले. गुम्जाही म्हणाली. मग एकदा बाजारात सुक्या मासळीच्या गल्लीत तिला मूनची बायको समोरून येताना दिसली. गुम्जाने हात वर केला. त्या बाईने तिला पाहिलं, आणि वळून टांगलेल्या माकुलांच्या मागे जाऊन उभी राहिली. माकुलं अंगाने चपटी असतात. बाई पूर्ण दिसत होती. गुम्जा तिथून न बघितल्यासारखी निघून गेली, पण ते तिच्या मनातून गेलं नाही.

दासोम आली ती मिरच्यांच्या दिवसांत. बरोबर नवरा इन्ग्यू आणि साडेतीन वर्षांची बोमी. इन्ग्यूला जहाजांच्या कारखान्यात काम लागलं म्हणून ते उत्तरेकडून आले होते. दासोम स्वतः एका रुग्णालयात पाळीवर काम करायची. उपासना सुरू होऊन थोडा वेळ झाला नाही तोच बोमी बाकाखाली शिरली आणि पुढच्या बाकावरच्या म्हातारीच्या पायातला मोजा ओढायला लागली. म्हातारी हसली, पण प्यो कारभारी दारापासून तरातरा आले. मंडळीतले सगळ्यात जुने कारभारी ते, शाळेत मुख्याध्यापक होते, अजूनही चालताना हात पाठीमागे. त्यांनी अत्यंत अदबीने आईला आणि पोरीला लेकुरवाळ्यांच्या खोलीकडे नेलं. इन्ग्यू एकटाच बाकावर राहिला.

आत मिरच्या आहेत, हे प्यो कारभाऱ्यांना ठाऊक होतं. पण दार उघडल्यावर आता "इथे मिरच्या आहेत" असं कसं म्हणायचं, म्हणून ते म्हणाले, "बसा, आरामात बसा."

दासोम चादरीच्या कडेला, फ्रीजला टेकून, बोमीला मांडीत दाबून बसली. वर लसूण. स्पीकरची तार उंदरांनी केव्हाच कुरतडली होती, पण आत बसून ऐकणारं कुणी नसल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. काचेपलीकडे पाळकांचे ओठ हलत होते. दासोम मान डोलवत राहिली. चांगल्या घरच्या मुलीसारखी. तेवढ्यात बोमीने मांडीतून हात काढून एक मिरची उचलली, मोडली आणि त्याच हातांनी डोळे चोळले.

नेमकं त्याच वेळी सोक पाळकांनी नव्या कुटुंबाचं स्वागत करू या म्हणून सांगितलं. अख्खी मंडळी उठून मागे वळली, सगळ्यांनी काचेकडे हात पसरले आणि आशीर्वादाचं गीत सुरू केलं. आवाज आत जात नव्हता आणि आतला बाहेर येत नव्हता. काचेआड पोर तोंड फाडून रडत होतं, आई त्याच्या डोळ्यांवर फुंकर घालत होती, आणि बाहेर सगळे हसऱ्या चेहऱ्याने तिन्ही कडवी म्हणत होते. कारभाऱ्यांची बायको, प्योबाई, म्हणाल्या, बघा, भारावून गेली बिचारी.

गुम्जाला मात्र मिरची कळली. हात खाली करून ती गेली, आणि गुडघ्यांची बोंब असताना तिने बोमीला उचलून खाली स्वयंपाकघरात नेलं. पोरीचे डोळे गार पाण्याने धुतले, हात तेलाने पुसले आणि मग साबणाने. दासोम मागे उभी राहून माफी मागत होती. मिरच्या खराब झाल्या का, असं तिने विचारलं. गुम्जाला त्या प्रश्नाचीच शरम वाटली.

"मिरच्यांना काय होतंय," ती म्हणाली. "बस तू. जेवून घे."

तिने दासोमपुढे मोड आलेल्या सोयाबीनचं सार ठेवलं, भात ठेवला, आणि बोमीला स्वतःच्या मांडीवर घेऊन भाजलेल्या समुद्रशेवाळात भात गुंडाळून भरवायला लागली. दासोम आधी संकोचली. मग खाली मान घालून जेवली, आणि पोरीकडे एकदाही न बघता जेवली. गुम्जाने पाहिलं, हिचे हात चपळ आहेत. ताट संपल्याबरोबर उठून आपली भांडी विसळली, बाजूला पडलेलीही विसळली. गुम्जाच्या मनात आलं, हीच.

पुढच्या रविवारी ते पुन्हा आले, याचंच सगळ्यांना आश्चर्य. गुम्जाने मिरच्या हलवल्या होत्या. लसूण आणि फ्रीज राहिले, त्यांना जागा नव्हती. त्यानंतरच्या आठवड्यात तिने बाजारातून एक नवीन एप्रन घेतला, बारीक निळ्या फुलांचा, दोन खिसे असलेला. दुकानदारीण म्हणाली, सुनेसाठी का? गुम्जा म्हणाली, तसंच समज. एप्रन पिशवीत ठेवून ती चढ चढली, मध्ये दोनदा थांबली, आणि तिसऱ्यांदा थांबली तेव्हा रुग्णालयात फोन करून तिने तारीख मागून घेतली. नवीन वर्षातली. फोन ठेवताना हातातली पिशवी हलकी वाटली.

एप्रन द्यायचा रविवार उजाडला. इन्ग्यू कारखान्यात होता. दासोम रात्रपाळी करून तशीच बोमीला घेऊन आली होती, डोळ्यांखाली काळं. जेवणं झाल्यावर ती गुम्जाजवळ येऊन उभी राहिली. पिशवी खुंटीला होती. गुम्जा हात पुसून ती काढणार, तेवढ्यात दासोम म्हणाली, मावशी, एक सांगू? राग मानू नका.

"सांग की."

"मला उपदेश काही ऐकू येत नाही तिथे. स्पीकर बंदच आहे. पहिल्या दिवसापासून."

"मग येतेस कशाला?"

दासोम हसली. "जेवायला. आठवड्यातलं हे एकच जेवण मी बसून जेवते, आणि ते मी रांधलेलं नसतं. कुणीतरी माझ्यापुढे ताट ठेवतं. सार गरम असताना पिऊन होतं." मग ती जरा घाईने म्हणाली, "देवाचं असं सांगू नये, पण खरं तेच आहे."

गुम्जाने खुंटीकडे नेलेला हात तिथल्याच फडक्याला पुसला. पोरीला झोप आलीय, ने घरी, एवढंच म्हणाली. त्या दोघी गेल्यावर ती उलट्या घातलेल्या घमेल्यावर बसली आणि बराच वेळ बसून राहिली. राग आला होता तिला. कुणाचा, ते नीट कळत नव्हतं. मला कधी कुणी बसवून वाढलं होतं का, असं मनात आलं, आणि मग आठवायला गेली तर आठवेना. ही पोरगी येते ती ताटासाठी. हिच्या हातात पळी दिली की हिचं ताट गेलं, मग ही का येईल? आणि नाही दिली तर माझे गुडघे. तारीख घेऊन झाली होती.

हिवाळ्याच्या किमचीच्या आदल्या आठवड्यात सोक पाळकांनी कारभाऱ्यांची बैठक घेतली. पाळक तरुण होते, स्वतःला दोन मुलं, आणि त्यांची बायको मुलांना घेऊन गावातल्या दुसऱ्याच चर्चच्या रविवारच्या वर्गाला जाते, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे. मंडळ्यांमध्ये कुटुंबं टिकत नाहीत, त्याबद्दल वरून काही सूचना आल्या होत्या, त्या त्यांनी वाचून दाखवल्या. गुम्जा भिंतीला टेकून, पाय लांब करून लसूण सोलत होती. बैठकीला लसूण आणायची तिला मुभा होती.

प्यो कारभारी म्हणाले की यात काही नवीन नाही. माणसाला जबाबदारी दिली की माणूस आपलं होतं. इन्ग्यूला गाड्या लावायच्या कामावर घ्यावं, दासोमला स्वयंपाकघरात. प्योबाईंनी घरी प्रार्थनेला जायचा दिवस ठरवायला सुचवलं. नवे टॉवेल छापायचे का, यावर थोडा वाद झाला, कारण जुन्या टॉवेलांवर आधीच्या पाळकांचं नाव होतं. मग प्योबाई गुम्जाकडे वळल्या.

"आणि एप्रन? तुम्ही आणलाय म्हणे. बाजारात कळलं मला. अजून दिला का नाही, मावशी?"

"नाही दिला."

"का?"

गुम्जाने पाकळी सोलून भांड्यात टाकली. "देणार नाहीये."

प्यो कारभाऱ्यांनी चष्मा काढला. कुणाशी काही बोलणं झालंय का, कुणी दुखावलंय का, असं त्यांनी शाळेतल्या आवाजात विचारलं. गुम्जा म्हणाली, कुणी नाही दुखावलं. ती पोरगी रात्रभर रुग्णांचं करते, घरी नवऱ्याचं करते, पोरीचं करते. इथे येते ती बसायला. तिला बसू द्या.

"पण आपण सगळ्यांनी केलंच की," प्योबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जे होतं ते गुम्जाला ओळखू आलं, कारण तिच्या स्वतःच्या मनातही तेच होतं. आम्ही केलं. ही कोण लागून गेली?

"केलं," गुम्जा म्हणाली. "तुमच्या सुनेने केलं का?"

प्योबाईंची सून सोलला असायची आणि रविवारी झोपून राहायची. प्योबाईंनी तोंड फिरवलं. हे बोलायला नको होतं, असं गुम्जाला वाटलं, पण ते शब्द आता परत घेण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती.

"मग स्वयंपाक तुम्ही एकट्याच..." पाळकांनी चाचरत विचारलं.

"मी नाही. मला आता होत नाही, पाळकसाहेब." हे वाक्य किती दिवस तोंडात होतं, आणि बाहेर आलं ते लसणाच्या टरफलासारखं, वजनच नसलेलं. "नवीन वर्षात गुडघे बदलायचेत. त्यानंतरही मी पळी धरणार नाही."

प्यो कारभाऱ्यांनी विचारलं, मग जेवणाचं काय. ते इतक्या खऱ्याखुऱ्या भीतीने विचारलं होतं, की गुम्जाला त्यांची दया आली. पाळक म्हणाले, यासाठी आपण प्रार्थना करू या.

"करा," गुम्जा म्हणाली. "आणि उद्या सकाळी या खाली, तुम्ही आणि प्यो साहेब. शेवया उकळायला शिकवते. आणि त्या स्पीकरची तार बदला आधी. पोरगी नुसतीच मान डोलवतेय इतके दिवस."

स्पीकरची तार बदलली नाही. त्याऐवजी सोक पाळकांनी पुढच्या रविवारी उपदेशाआधी सांगितलं की मुलांनी दालनातच बसावं, आवाज झाला तर होऊ दे. त्यांची बायको त्या दिवशी आली नव्हतीच. बोमी बाकांमधून फिरली. दोन म्हाताऱ्यांनी उपासना विटाळली म्हणून तक्रार केली आणि त्यातली एक खरंच यायची बंद झाली. ती गेल्याचं गुम्जाला वाईट वाटलं. कित्येक वर्षं दोघींनी मिळून कोबी खारवले होते. टॉवेल छापले गेले नाहीत. घरी प्रार्थनेलाही कुणी गेलं नाही, कारण प्योबाई रुसल्या होत्या. इन्ग्यूचं काम फक्त त्या एका जहाजापुरतंच आहे, असं मधे कानावर आलं. म्हणजे ते राहतील की नाही, तेही कुणाला ठाऊक नव्हतं.

गुम्जा चर्चला परत आली ती थंडी उतरताना, काठी घेऊन, यॉन्हाच्या आधाराने. यॉन्हा तिला दारात सोडून गाडीत जाऊन बसली. आत यायला तिने नाही म्हटलं, आणि गुम्जाने आग्रह केला नाही. प्यो कारभारी दारात नव्हते. खालून माशाच्या रश्शाचा वास येत होता, किंचित करपलेला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला ते दिसले, तिचा जुना एप्रन घातलेले. गाठ मागे नीट बसली नव्हती, बंद लोंबत होते. निळ्या फुलांचा एप्रन खुंटीवर तसाच होता, घडी न मोडलेला.

दासोमने सरकून तिला बाकावर जागा दिली. बोमी लेकुरवाळ्यांच्या खोलीच्या काचेला नाक लावून आतला लसूण बघत होती, मग धावत आली आणि गुम्जाची काठी घेऊन पळाली. गुम्जाने दालनभर काठीचा आवाज ऐकला. पाळकांनीही ऐकला असेल, पण ते थांबले नाहीत.

"मावशी, भूक लागलीय ना?" दासोम कुजबुजली. "शेवयांचा आज परत लगदा झालाय."

"असू दे. चावावं तर लागणार नाही," गुम्जा म्हणाली.

पाळक म्हणाले, आता शेवटचा मुद्दा. गुम्जाचे पाय सवयीने हलले. ती उठणार, एवढ्यात तिला आठवलं की उठायचं कारण नाही. तिने हात मांडीवर ठेवले. रिकाम्या हातांचं काय करायचं, ते कळेना, म्हणून एकमेकांत गुंतवले. बाक लाकडाचा होता, पण बाजूला दासोमचा खांदा होता आणि खिडकीतून ऊन येत होतं. शेवटचा मुद्दा चांगलाच लांबला असावा. उपदेश कसा संपतो ते गुम्जाला त्या दिवशीही कळलं नाही; तिला केव्हाच झोप लागली होती.